पी व्हॅल्यूने आज पोपट केला
सायकॉलॉजी घेतलं तेव्हा वाटलेलं फ्रॉइड, स्वप्नं वगैरे असेल, आणि आज अख्खी दुपार एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरसमोर. झोपेचे तीन ग्रुप, मेमरी टेस्टचे मार्क, मी शहाणपणा करून दोन-दोन ग्रुपच्या सरासऱ्या ताडणाऱ्या तीन वेगवेगळ्या टी-टेस्ट मारल्या, एकीत पी (म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसायचा चान्स, तो ०.०५ च्या खाली हवा) ०.०४ आला म्हणून उड्या मारतेय तर मॅडम म्हणाल्या, अगं दर वेळी ५ टक्के चुकायचा चान्स, तीनदा केलंस की तो जातो १४ टक्क्यांच्या आसपास, तिन्ही ग्रुप एकदम ताडणारा अनोवा लाव. लावला. पी ०.०९. बोंबला 😭

बाकी टी-टेस्टवाला गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत कामाला होता, १९०८ ला 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला त्याने. हे पहिल्याच लेक्चरला सांगितलं असतं तर झोपले नसते ना मी! उद्या रिग्रेशन आहे, कुणाकडे नोट्स असतील तर टाका रे.