एकाच दुपारच्या दोन याद्या

त्या दिवशी दुपारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, दोन पोलीस याद्या (मुलीची तपासणी करून द्या अशी पोलिसांची पत्रं) पाठोपाठ आल्या, दोन वेगळ्या ठाण्यांच्या. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असा कायदा आहे आणि ड्यूटीवर बाई डॉक्टर मी एकटी. ओपीडीची रांग तशीच सोडून आत गेले.

पहिली १६ पूर्ण झालेली, अकरावीत शिकणारी, पोलीस भरतीच्या अकॅडमीत जाणारी. तिच्या प्रकरणातला आरोपी म्हणजे ती अकॅडमी चालवणारा सर, ३१ वर्षांचा. दुसरी ऊसतोड कामगारांची मुलगी. तिच्यासोबत पळून गेलेला मुलगा १९ वर्षांचा, शेजारच्याच वस्तीवरचा.

लोकांना वाटतं, डॉक्टर बघतो आणि काय घडलं ते सांगतो. खरं तर निम्मा वेळ स्वॅब वाळण्यात जातो. ओला स्वॅब पाकिटात घातला की बुरशी धरते. सावलीत पुरता वाळू द्यायचा, प्लास्टिक नाही, कागदी पाकीट, मग लेबल, लाख, सही आणि शिक्क्याचा नमुना वेगळा. बरोबर आलेला हवालदार दर पाच मिनिटांनी दारातून विचारत होता, "मॅडम, झालं का?" त्याला माल पोचवून घरी जायचं होतं. माझी पाकिटं प्रयोगशाळेतून कधी परत आलेली नाहीत, हे मी अभिमानानेच सांगते.

दुसऱ्या मुलीच्या वयाचा घोळ होता. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आमच्या भागात निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो, ती गुरुजींची कृपा. आई फडावरून आली होती. ती म्हणाली, "संक्रांतीच्या आधी झाली बाई ही, कारखान्यावर, कोपीत." तेव्हा फेब्रुवारी चालू होता. म्हणजे आईच्या हिशोबाने पोरीला १८ पूर्ण झालेली, दाखल्याने अजून काही महिने बाकी. एक्स-रेवरून अंदाज १७ ते १९, त्याहून बारीक हाडं सांगत नाहीत. पण शाळेचा दाखला असला की कायदा तोच धरतो, हाडांची पाळी नंतर. त्यामुळे १९ वर्षांच्या त्या पोरावर जे कलम लागलं, त्यात २०१९ पासून किमान शिक्षा १० वर्षं आहे.

ती सारखी रडत होती. पाठीवर, दंडावर पट्ट्याचे वळ. "कुणी मारलं?" विचारलं तर म्हणाली, काकाने, परत आणल्यावर. जखमांच्या तक्त्यात मी एकेक वळ मोजून, रंग लिहून, पुढे तिच्याच शब्दांत कारण लिहिलं. तोच काका बाहेर बाकावर बसून चहा पीत होता, फिर्यादी म्हणून.

पहिली अजिबात रडली नाही. अंगावर ओरखडा नाही. प्रत्येक प्रश्नाला नीट, ठाम उत्तर. "माझ्या मर्जीने आहे, मॅडम. सरांनी कधी जबरदस्ती केली नाही." मी पेन खाली ठेवून भरतीबद्दल विचारलं, तेव्हा ती खुलली. ८०० मीटरचा टाइम सांगितला, गोळाफेक कच्ची आहे म्हणाली. फॉर्म भरायला १८ लागतात, ते पूर्ण व्हायला किती महिने राहिलेत हे तिला तोंडपाठ होतं. मग हळूहळू बाकीचं आलं. सरांनी फी माफ केली. मोबाइल सरांनीच घेऊन दिला, इन्स्टाचा पासवर्ड त्यांच्याकडे. वर्गातल्या पोरांशी बोललेलं त्यांना आवडत नाही, "पोरं टवाळ असतात." मैत्रिणी सुटल्या. "तू वयाच्या मानाने खूप समजदार आहेस," असं सर म्हणतात. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मला तिथेच पोटात खड्डा पडला.

मी हे सगळं हिस्ट्रीत शब्दशः लिहिलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, एवढी कादंबरी कशाला? मर्जीने लिहा अन् सोडा, वय तर कमीच आहे ना." आमच्या एका सीनियरचंही मत तेच: "१८ च्या आत म्हणजे संमती नाही, विषय संपला." कायद्यापुरता संपतो, मान्य. २०१२ च्या आधी संमतीचं वय १६ होतं, तिकडे परत जावं असं मला मुळीच वाटत नाही. २०२३ मध्ये विधी आयोगानेही वय खाली आणू नका असंच सांगितलं, फक्त १६ ते १८ मधल्या काही प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक द्यावी असं सुचवलं. पण माझ्या तपासणीच्या छापील फॉर्ममध्ये आरोपीच्या आणि मुलीच्या वयात अंतर किती, खर्च कोण करतं, फोन कुणाच्या ताब्यात, हे विचारणारा एकही रकाना नाही. शिक्षकाने केलं तर कायदा जास्त कडक आहे खरा, पण भरतीची अकॅडमी ही शैक्षणिक संस्था ठरते का, यावर वकील तारखांमागून तारखा घेतील.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तर भयंकर दिसतो तो दुसरा. वळ त्यात आहेत, रडणं त्यात आहे. पहिल्यात जखमांच्या तक्त्यावर आडवी रेघ.

निघताना पहिलीने विचारलं, "भरतीच्या मेडिकलमध्ये हे कळतं का?" नाही म्हटलं. तिला हायसं वाटलं. मग म्हणाली, "सरांना जामीन कधी मिळेल?"

समन्स दोन्हींत येईल. उलटतपासणीत वकील विचारेल, "डॉक्टर, अंगावर एकही जखम नव्हती, बरोबर?" बरोबर, एवढंच मला म्हणता येईल. मी लिहिलेलं ते दीड पान सरकारी वकिलाने तोवर वाचलेलं असेल की नाही, कोण जाणे.