कळलावी बियांपासून लावायची असेल तर

‘कळलावी बियांपासून येते का? आणि आली तर फुलं मूळ वेलासारखी का नसतात?’ पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या बागप्रेमींचा हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

येते. फक्त फुलायला तीन-चार पावसाळे जातात. तरीही रानातला कंद उकरून आणण्यापेक्षा दोन बोंडांतलं बी आणलेलं केव्हाही बरं, कारण औषधासाठी कंद आधीच खूप उपटले जातात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंड तडकतं आणि आत लालभडक बिया दिसतात. त्या लगेच पेरू नका. ताजं बी सुप्त असतं, शिवाय आपल्याकडची थंडी कोवळ्या कोंबाला सोसत नाही. कागदी पुडीत ठेवा. मे अखेरीस वरचं लाल साल खरवडून काढा, बी २४ तास कोमट पाण्यात भिजवा आणि १ सेंटीमीटर खोल पेरा. कुंडीतल्या मातीसाठी २ भाग पोयटा, १ भाग जाड वाळू, १ भाग मुरलेलं शेणखत. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतो. एकाच बोंडातलं एखादं बी ३ आठवड्यांत उगवतं, दुसरं ३ महिने घेतं. कुंडी रिकामी समजून ओतून टाकू नका.

पहिल्या वर्षी वीतभर काडी आणि चार पानं, एवढंच. हिवाळ्याच्या तोंडावर ती पिवळी पडते. ‘सुकतंय’ म्हणून लोक पाणी वाढवतात आणि नेमका तिथेच कंद जातो. पाणी पूर्ण तोडा, कुंडी सावलीत कोरडी ठेवा. मोठा झालेला कंद नांगरासारखा दिसतो, म्हणून संस्कृतात हिला लांगली म्हणतात. कोंब फक्त टोकाला असतो. टोक मोडलं की उरलेला कंद कितीही जाडजूड असला तरी फुटत नाही. हातमोजे घाला. कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे जहाल विष असतं, आणि कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यामुळे मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता फुलांचं. एकच फूल आधी हिरवट-पिवळं, मग अर्धं लाल, शेवटी पूर्ण लाल होतं, म्हणून तुलना एकाच वयाच्या फुलांची करा. तरीही फरक दिसला, तर बहुधा संकर झालाय. रानच्या कळलावीच्या पाकळ्या अरुंद आणि खूप कुरळ्या, नर्सरीतल्या ‘रॉथ्सचाइल्डियाना’च्या रुंद आणि कमी कुरळ्या. दोन्ही एका गच्चीवर असल्या की रोपं मधल्या रूपाची निघू शकतात. फुलाची कुक्षीवृंत म्हणजे मधली दांडी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे तिच्या टोकाला बाहेरचा पराग लागायला वाव मिळतो.

शुद्ध बी हवं असेल तर कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिला मलमलची पिशवी बांधा. फूल उमलल्यावर सकाळी त्याचाच पराग ब्रशने त्या टोकाला लावा, पिशवी पुन्हा चढवा आणि देठाला खुणेचा दोरा बांधून ठेवा.

संकराची रोपं हौसेने जरूर वाढवा, पण मातृवेलाचं नाव आणि साल कुंडीवर लिहा. त्यांचं बी अंजनेरीच्या किंवा ब्रह्मगिरीच्या रानात मात्र कधीही टाकू नका.