उनपदेव: सातपुड्याचं ऊन पाणी

पौषात यात्रेची गर्दी असते, आडवारी जा, असं घरून बजावलं होतं. आम्ही नेमका रविवार गाठला. जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावल रस्त्यावर अडावद, तिथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. मोटरसायकलवर बोटं आखडलेली, आणि समोर गोमुखातून पडणारं वाफाळतं पाणी!

कुंडाकाठी बसलेले एक आजोबा म्हणाले, "खाले आग शे, भो." शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची कथाही त्यांनीच ऐकवली. कथा आवडली, आग पटली नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच निवला. जमीन मात्र खोल जावं तशी तापतेच, किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंश. म्हणजे आमच्या केळीच्या बागेखालीही ऊब आहे. मग विहिरीचं पाणी गार का? कारण ते तेवढं खोल गेलेलंच नसतं.

शाळेत घोकलेली 'तापीची खचदरी' इथे कामाला येते. प्रस्तरभंग म्हणजे खडक तुटून सरकलेल्या लांबलचक भेगा; त्यांच्या मधला पट्टा खचला, काठ उंच राहिले. सातपुड्यावरचा पाऊस भेगांतून खोल उतरतो, उंचावरच्या पाण्याचा दाब त्याला मागून रेटतो. तळाशी ते सावकाश तापतं. वर यायला एखादी मोकळी भेग सापडली की निवायच्या आत बाहेर पडतं. उतरायला उशीर, चढायला घाई, एवढीच युक्ती. केनियाच्या खचदरीत ओल्कारियाला 1981 पासून अशा पाण्याच्या वाफेवर वीज करतात. पण तिथे तप्त शिलारस जवळ आहे. आपल्याकडे तसला चुलखंड नाही, त्यामुळे कुणी उनपदेवच्या विजेची स्वप्नं दाखवली तर आधी जमिनीत किती खोलवर किती तापमान आहे ते विचारा.

जाणार असाल तर पहाटे पोचा. अडावदपर्यंत एसटी आहे, पुढे स्वतःचं वाहन बरं. अंगावर घ्यायच्या आधी पाणी कोपराने अजमावा. माझा भाचा थेट धारेखाली गेला आणि ओरडत बाहेर आला. रक्तदाबवाल्यांनी पाय बुडवण्यावर भागवावं. साबण, शाम्पू घरी ठेवा. पाणी पिऊ नका. खनिजं विरघळलेली असतात, प्यायचं पाणी सोबत न्या. पावसाळ्यात नाल्याला पूर दिसला तर गाडी घालू नका.

परतताना भरीत-पुरी खाल्ली. तिखट जरा जास्तच होतं.