गिरणी कामगाराचं घर : सोडतीनंतरची फाइल

गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ मार्च २०२० ला म्हाडाची सोडत निघाली, तीत आईचं नाव आलं. घरं ३,८९४ आणि अर्जदार दीड लाखाहून जास्त, तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले यात नवल नाही. पण नंबर लागला म्हणजे घर मिळालं असं नसतं. आधी पात्रता ठरते, आणि ती एका प्रश्नावर अडते : कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होता, याचा कागद कुठे आहे?

दादा, म्हणजे आमचे वडील, साचेखात्यात, मागावर कापड विणायला होते, हे आमच्या आळीत कुणालाही विचारा. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, ते बाहेर पडले आणि पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. गिरणीच बंद झाली, तिचं रेकॉर्ड कुठे गेलं ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. घरात सापडल्या त्या ऑक्टोबर १९८१ च्या दोन पगारपावत्या. जांभळी शाई, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक, स्पष्ट. खिडकीवरच्या माणसाने त्या उलटसुलट करून पाहिल्या नि म्हणाला, "ह्या ८१ च्या. ८२ चं काय?" त्याचं नियमाने बरोबर होतं, हेच जास्त लागलं.

त्यात नावाचा घोळ. पावतीवर धोंडू बाळू, रेशनकार्डावर धोंडीराम बाळकृष्ण, मृत्यूच्या दाखल्यावर धोंडीबा. खात्यातल्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं आणि दादांनी पगार मोजून घेतला, नाव कोण वाचतंय!

वाट दाखवली ती युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने. म्हणाला, ओळखपत्राच्या मागे लागू नका, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद शोधा. संपानंतर पैसे काढताना आलेलं पत्र गावी काकांकडे निघालं. त्यात तिकीट नंबर तोच आणि नोकरी सुटल्याची तारीख १९८३ ची. मग तिन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र केलं. आई हयात, म्हणून वारसाचं काम आम्हा भावंडांच्या सह्यांवर भागलं. शेजारच्यांचे आई-वडील दोघंही गेलेले. ते भाऊ वारसाच्या दाखल्यासाठी अजून कोर्टाच्या तारखांना जातात.

पुढे पैसे. २२५ चौरस फूट, किंमत साडेनऊ लाख. मुंबईत या पैशात गाडी लावायलाही जागा मिळत नाही, हे खरं. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला बँक कर्ज देत नाही, हेही खरं. घर आईच्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून.

आता मनातलं बोलतो. घरं एवढी कमी का, हे सोडतीच्या रांगेत कुणी विचारत नाही. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेचा, एक म्हाडाचा, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळं शेडखाली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. घरं तिथेच गेली, आमच्यापर्यंत उरलं त्याची सोडत निघाली.

मामांचा नंबर कधीच लागला नाही. दादांच्याच खात्यातले, कागद आमच्यापेक्षा चोख. आता गिरणी कामगारांना मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला घरं द्यायचं चाललंय. मामा म्हणतात, "जमीन परळची आणि घर कर्जतच्या वाटेवर?" मामी म्हणते, मिळतंय ते घ्या, पोरांना तरी होईल. दोघांचं भांडण मिटलेलं नाही. मी एवढंच केलं, त्यांच्या फंडाच्या पत्राच्या साक्षांकित प्रती काढून ठेवल्या.