ओकच्या पानांच्या माळेतले पाच शब्द

'मोन्युमेंटा जर्मानिए हिस्टोरिका' या मध्ययुगीन इतिहासाची साधने छापणाऱ्या जर्मन ग्रंथमालेचे बोधचिन्ह म्हणजे ओकच्या पानांची एक गोल माळ आणि त्या माळेत लिहिलेले पाच लॅटिन शब्द: 'सांक्तुस आमोर पात्रिए दात आनिमुम', म्हणजे 'मातृभूमीचे पवित्र प्रेम बळ देते'. मजकुराच्या पानांवर मात्र मातृभूमीचा उल्लेखही नसतो. वरच्या भागात मूळ संहिता असते आणि खाली बारीक टाइपात पाठभेद दाटीवाटीने बसवलेले असतात: अमुक पोथीत हा शब्द नाही, तमुक पोथीत हे अक्षर खरवडून दुसरे लिहिले आहे, तिसरीत लेखनिकाची नजर घसरून अख्खी ओळ गळली आहे. हे खंड आता जालावर कोणालाही मोफत वाचता येतात, आणि गेले काही महिने मी ते रोज रात्री थोडेथोडे चाळते आहे. माळेतली भावना आणि पाठभेदांतली शिस्त एकाच कामात कशी नांदली, हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

ज्या नेपोलियनने १८०८ साली प्रशियाचा मंत्री फ्रायहेर फोम श्टाइन याला कायद्याचे संरक्षण नाकारून परागंदा केले, त्या नेपोलियनचा पाडाव झाल्यावर याच श्टाइनने २० जानेवारी १८१९ रोजी फ्रँकफुर्टमध्ये प्राचीन जर्मन इतिहासाच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले. तेव्हा जर्मनी नावाचे एकसंध राज्य नव्हते. होता तो लहानमोठ्या राज्यांचा सैल संघ. राज्यकर्त्यांनी सुरुवातीला हात आखडता घेतला, त्यामुळे पहिली वर्षे श्टाइनच्या आणि त्याच्या स्नेह्यांच्या देणग्यांवर निभावली. सुमारे इ. स. ५०० ते १५०० या हजार वर्षांची साधने शोधून, ताडून छापायची, असा संकल्प होता. जे राष्ट्र नकाशावर नव्हते त्याचा पुरावा आधी ग्रंथालयांच्या फडताळांत शोधायचा, असा त्याचा अर्थ होतो, आणि मला यात कमीपणाचे काही वाटत नाही.

या मंडळाच्या मालेचा पहिला खंड १८२६ साली निघाला. संपादक गेओर्ग हाइन्‍रिख पेर्ट्झ याने पुढे जवळजवळ अर्धे शतक हे काम चालवले. अशा कामात एका माणसाची विद्वत्ता पुरत नाही. एकाच वृत्तान्ताच्या प्रती रोमला, पॅरिसला, व्हिएन्नाला आणि एखाद्या डोंगरातल्या मठात विखुरलेल्या असतात. कोणी तिथे जाऊन नकलून आणतो, कोणी टपालाने आलेली पोथी शब्दाशब्दाने ताडतो, कोणी प्रतींची वंशावळ लावतो, आणि शेवटी संपादक एका पाठावर बोट ठेवतो. यात जोखीम किती होती, हे १८८० च्या जुलैमध्ये दिसले. मालेचा एक संपादक, इतिहासकार थिओडोर मोमसेन याच्या बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमधल्या घराला आग लागली आणि तिच्यात उसन्या आणलेल्या पोथ्याही जळाल्या. गॉथ लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या योर्दानेसची हायडेलबर्गची अतिशय महत्त्वाची प्रत त्यांत होती. दोन वर्षांनी मोमसेनने संपादलेली योर्दानेसची आवृत्ती निघाली. एखाद्या प्रतीतले पाठ ती नाहीशी होण्याआधी उतरवून ठेवणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

यातले जर्मन कोणते, हा प्रश्न मात्र पहिल्यापासून अवघड होता. तूरचा बिशप ग्रेगरी फ्रँक राजांची हकिकत लॅटिनमध्ये लिहितो, आणि फ्रान्सही त्याला आपला मानतो. लोंबार्डांचा इतिहास इटलीत घडतो, व्हँडलांचा उत्तर आफ्रिकेत. हे सारे या मालेत आले. जर्मन टोळ्या जिथे जिथे गेल्या तिथली साधने आपली, असा त्यामागे दावा होता. दावा राष्ट्राचा होता, पण त्यामुळे छापली गेली ती अर्ध्या युरोपची साधने, आणि आज फ्रेंच व इटालियन अभ्यासकही तीच उघडून बसतात.

त्याच सुमारास, १८१७ आणि १८१८ मध्ये, बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, दोन 'प्राचीन' चेक हस्तलिखिते प्रकट झाली. द्वूर क्रालोवे गावातले हस्तलिखित आपल्याला सापडले असे व्हाक्लाव्ह हांका याने सांगितले. झेलेना होराचे निनावी पाठवले गेले. जर्मनांच्या तोडीची वीरकाव्ये आपल्याकडेही होती, या आनंदात एका पिढीने त्यांवर चित्रे काढली आणि संगीत रचले. १८८६ साली भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअर आणि त्याच्या बाजूने उभा राहिलेला टोमाश मासारिक यांनी ती बनावट असल्याचे उघडपणे मांडले, तेव्हा मासारिकला देशद्रोही ठरवण्यात आले. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष तोच झाला.

हांकाचा मोह मला परका वाटत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली, त्यांच्याही पायपिटीमागे असेच प्रेम होते, आणि त्यांच्याच ओढीने मी मोडी शिकले. सरावासाठी मिळालेल्या एका पत्रात कसरीने खाल्लेल्या जागी एका गावाचे नाव होते. संदर्भावरून ते कोणते असावे याचा मला जवळजवळ अंदाज आला होता, आणि ते आमच्याच तालुक्यातले असावे असे मनापासून वाटत होते. मी ते लिहूनही टाकले. शिकवणाऱ्या बाईंनी ते खोडायला लावले आणि कागदाला जेवढे भोक पडले होते तेवढी टिंबे द्यायला सांगितली.

सर्वांत कठीण प्रकरण १९३५ नंतरचे आहे. नाझी राजवटीत मंडळाचे रूपांतर सरकारी संस्थेत झाले, आणि 'आपले' कोण हे आता पोथ्यांऐवजी संपादकांच्या जन्मावरून ठरू लागले. मेरोव्हिंग या फ्रँक राजघराण्याच्या काळातल्या संतचरित्रांचा जाणकार विल्हेल्म लेव्हिसोन याला बॉनमधले अध्यापन सोडावे लागले आणि १९३९ मध्ये तो इंग्लंडात डरहॅमला गेला. एर्न्स्ट पेरेल्स हा नवव्या शतकातल्या पोप पहिल्या निकोलसच्या पत्रांचा संपादक. ज्यू वंशामुळे त्याची नोकरी गेली. पुढे मुलाच्या नाझीविरोधी कार्यामुळे त्यालाही पकडण्यात आले. बुखेनवाल्डची छावणी मुक्त झाल्यावर महिनाभरातच, मे १९४५ मध्ये, तो तिथेच वारला. निकोलसची ती पत्रे मी काल रात्री उघडली. वर पोपची लॅटिन वाक्ये आहेत, आणि खाली पेरेल्सने ताडलेले पाठभेद, पोथीगणिक एकेक अक्षराची खूण देऊन.