अडकलेलं झाकण आणि माझा जुना पंप

काकांनी गाडी थेट शेडमध्येच आणली. टाकी रिकामी होत आलेली आणि पेट्रोलचं झाकण काही केल्या उघडेना. गाडी जुनी, टाकीला हवा मिळते ती झाकणातल्याच व्हॉल्वमधून.

मी हात लावला. उघडायच्या दिशेला फिरवलं तर कट-कट. बंद करायच्या दिशेलाही कट-कट. इथेच कळलं. असं झाकण दोन तुकड्यांचं असतं. आत आट्यांचा भाग, वर हाताने धरायची टोपी आणि मध्ये दाते. पुरेसं आवळलं की दाते घसरून कट-कट वाजतात, पण उघडताना ते पकडायलाच हवेत. कोणीतरी पकडीने जोर लावून दाते मोडले होते. "कोणीतरी कशाला, मीच," काका म्हणाले.

पोरगा ड्रिल घेऊन धावत आला. त्याला तिथूनच परत पाठवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. (हे त्याला मी महिन्यातून एकदा सांगतोच.)

आधी पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. टाकीच्या तोंडाभोवती ओलं फडकं गुंडाळलं, तुकडे आत पडायला नकोत म्हणून. प्लॅस्टिकची पट्टी फटीत सरकवून वरची टोपी उचकटली, मोडलेले दाते ब्रशने झाडून घेतले. मग आतली कडा पक्कडीत धरली. हलेना. वॉशर फुगून बसलेला असणार, असं धरून मी हळूहळू जोर वाढवत गेलो. पाव आटा फिरला आणि सुस्स्स! आवाज थांबेचना. फडक्याची कड माझ्या डोळ्यांदेखत आत खेचली गेली. वाफ बाहेर येत नव्हती, टाकी हवा आत ओढत होती.

"हा आवाज नेहमीचाच. मागेच म्हटलं होतं तुला," काका म्हणाले.

म्हटलं होतं खरं. दोन महिन्यांपूर्वी ते तक्रार घेऊन आले होते. तासभर चाललं की गाडी गचके खाऊन बंद पडते आणि पंधरा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. आवाजाचं मी कानाआड केलं. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप तापतोय म्हणालो आणि बदलून टाकला. त्यानंतर काका गावातल्या गावातच फिरले, म्हणून सगळं ठीक वाटलं. परवा लांब गेले तर पुन्हा तेच.

झाकण उलटं करून पाहिलं. व्हॉल्वच्या भोकात धूळ आणि पेट्रोलचा चिखल घट्ट बसला होता. काडीने दाबलं, तरी स्प्रिंग हलली नाही. पेट्रोल संपेल तशी जागा भरायला हवा आत येणार कुठून? पोकळी वाढत जायची, शेवटी पंपाला ओढता यायचं नाही. उभ्या गाडीत फटीफटीतून थोडी हवा शिरली की परत चालू. झाकण घट्ट बसण्यातही त्या ओढीचा हात होताच.

नवं झाकण व्हॉल्ववालंच आहे ना, हे फुंकून पाहूनच लावलं.

"म्हणजे पंप चांगला होता?" काकांनी विचारलं.

काढलेला पंप मागच्या फळीवर तसाच पडला होता. काका गेल्यावर तो अंगणात नेला, तारा जोडून दोन सेकंद बॅटरीला लावला. छान गुणगुणला. मग काकांना फोन लावला.