पांढरा कुठं थांबला?

दिवाळी उलटली की पहिल्या रविवारी आमच्या पूल मंडळाचा, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल होलात घालायच्या त्या खेळाच्या मंडळाचा मेळावा, सांगलीच्या गावभागातल्या आमच्याच हॉलात. गणपतीला नारळ, अहवाल, ताळेबंद, बक्षिसं हे सगळं तासाभरात उरकतं. माझा जीव अडकलेला असतो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासात. टेबलावरचं कव्हर निघतं, वरचे दिवे लागतात आणि मार्करकाका क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, चॉक लावायला घेतात.

काकांनी उभी हयात दुसऱ्यांचे गुण मांडण्यात घालवली. आता सत्तरी पार केलीय. बोलण्याचा विषय दरवर्षी एकच: अष्टपैलू खेळाडू म्हणायचं कुणाला? पहिलं वाक्यही तेच. "पडलेला बॉल बघू नका, पांढरा कुठं थांबला ते बघा." पांढरा म्हणजे क्यूनं मारायचा बॉल; बाकीचे त्यानं घालायचे.

मग हातातला क्यू न ठेवता ते एकेक खेळ मांडत जातात. एट-बॉलमध्ये आपल्या वाट्याच्या सात बॉलांतले चिकटलेले बॉल आधी कधी सोडवायचे, ते कळलं पाहिजे. नाइन-बॉलमध्ये सगळ्यात लहान आकड्यालाच आधी लागायचं, म्हणून पांढरा टेबलभर फिरवता आला पाहिजे. स्ट्रेट पूलमध्ये चौदा बॉल गेले की पंधरावा ठेवून नवा रॅक, म्हणजे बॉलांची तिकोनी मांडणी, लागतो. तो पंधरावा घालता घालता त्याच फटक्यात रॅक फोडायचा. विली मॉस्कोनीनं 1954 साली असे सलग 526 बॉल घातले, हे सांगताना काका आकडा दोनदा म्हणतात. बँक पूलमध्ये प्रत्येक बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागूनच आत गेला पाहिजे. आणि वन-पॉकेट! दोघांना एकेकच होल, आठ बॉल आधी घालेल तो जिंकला. तिथं दहा-दहा मिनिटं कुणी होलाकडं बघतही नाही, नुसती एकमेकांची वाट अडवणं चालतं. काकांचा जीव या खेळावर. निव्वळ नेम असलेला माणूस इथं उघडा पडतो, असं ते म्हणतात, आणि इतकी वर्षं बघून मलाही ते पटलंय.

एफ्रेन रेयेसचं नाव आलं की काकांचा आवाज बदलतो. फिलिपिन्सचा हा माणूस मनिलात स्वतःच्या काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. 1999 साली नाइन-बॉलचा जगज्जेता झाला आणि 2004 साली एट-बॉलचाही. शिवाय अमेरिकेत डर्बी सिटी क्लासिकमध्ये बँक, वन-पॉकेट आणि नाइन-बॉल तिन्ही मिळून सरस ठरणाऱ्याला जो मान मिळतो, तोही त्यानं एकाहून जास्त वेळा घेतला. "अडकवलं तरी सुटायचा, आणि सुटताना समोरच्याला अडकवून जायचा," काका म्हणतात.

हे म्हणून झालं की ते कुणाला तरी पांढरा लपवायला सांगतात. समोर आडवा बॉल, सरळ वाटच नाही. काका खाली वाकतात. हात थरथरतो, पण क्यू बोटांच्या ब्रिजवर टेकला की थरथर थांबते. पांढरा दोन कुशन घेऊन नेमका बॉलला लागतो आणि हळूच दुसऱ्या बॉलामागं जाऊन बसतो. एकही बॉल पडलेला नसतो. माझ्या डोळ्यांत दरवर्षी पाणी येतं.

पण बघायला असतं कोण? गेल्या वर्षी साठ खुर्च्या मांडल्या होत्या, काका उभे राहिले तेव्हा तेवीस माणसं होती. ढाली घेतलेली पोरं फोटो काढून निघून गेली. पोरं गुणी आहेत, लांबचे पॉट मारतात ते मला आयुष्यात जमले नाहीत. म्हणूनच जास्त लागतं. त्यांना जे येत नाही, नेमकं तेच त्या अर्ध्या तासात होतं.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी हॉलात शिरलं. कुशनं गेली, लाकूड फुगलं, कापडाचा चिखल झाला. कापडाखालचे स्लेटचे तिन्ही दगड मात्र शाबूत निघाले. काकांनी ते स्वतःच्या पंच्यानं पुसले. त्या वर्षीचा मेळावा फेब्रुवारीत झाला, तेव्हा ते भाषणाला उभे राहिले आणि एवढंच बोलले, "टेबल लेव्हलला आहे." मग ब्रेक मारला, म्हणजे पहिल्या फटक्यात रॅक फोडला. त्या दिवशी एकही खुर्ची रिकामी नव्हती.

ते टेबल उभं राहिलं ते ज्यांच्यामुळं, त्यांची आठवण काढायलाच हवी. दगड उचलणारे मार्केट यार्डातले सहा हमालबंधू, पैसे घेतले नाहीत. कापड ताणणारे मिरजेचे मिस्त्री आणि त्यांचा मुलगा. लाइट गेली तेव्हा जनरेटर पाठवणारे मंडपवाले दादा. दरवर्षी डबाभर भडंग करून आणणाऱ्या शेजारच्या काकू. रांगोळी घालणाऱ्या दोघी बहिणी, यातली धाकटी आता लग्न होऊन इस्लामपूरला असते, तरी येते. चहा देणारा पोऱ्या, खुर्च्या मोजून परत करणारे वॉचमनमामा.

आणि टेबलाचं नवं कव्हर शिवणाऱ्या वहिनी. गेल्या वर्षी अहवालात त्यांचं नाव राहून गेलं होतं. त्या मागच्या रांगेत शेवटपर्यंत बसल्या होत्या.